मामाचं शेत अभयारण्यात होतं आणि कुणालाच पत्ता नव्हता

आमचा मामा माढा तालुक्यातला. 2004-05 च्या आसपासची गोष्ट, मामेबहिणीचं लग्न ठरलेलं आणि मामाला रस्त्याकडेची 20 गुंठे विकायची होती, गिऱ्हाईक तयार, इसार पण झालेला, आणि कागदं करायला गेला तेव्हा एका ऑफिसात त्याला सांगितलं की ही जमीन माळढोक अभयारण्यात येते, असं सहज होणार नाही. मामा म्हणाला अहो साहेब, अभयारण्य कुठंय इथं, इथं माझी विहीर आहे, पलीकडं हायस्कूल आहे, त्याच्या पलीकडं एसटी थांबते. साहेब म्हणाले, हां, ते पण अभयारण्यातच आहे.

आम्ही पोरं लय हसलो तेव्हा. मामा नव्हता हसला.

नंतर मी पुण्याला आलो, नोकरी लागली, पण ही गोष्ट डोक्यातून गेली नाही. मी वकील नाही, फॉरेस्टमध्ये नाही, फक्त हौसेनं वाचत गेलो. आणि वाचल्यावर लक्षात आलं की वन्यजीव संरक्षणाचं धोरण आपल्या देशात कसं चालतं आणि कुठं अडकतं हे समजून घ्यायचं असेल तर वाघ सोडा, ताडोबा सोडा, माळढोक पक्ष्याची ही एक भानगड नीट बघितली तरी बरंचसं कळतं. म्हणून लिहितोय, जमेल तितक्या सोप्या भाषेत.

आधी आकार बघा. 1979 मध्ये महाराष्ट्र सरकारनं माळढोकासाठी जे अभयारण्य जाहीर केलं ते होतं सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचं. आता हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही म्हणून सांगतो, अख्खा गोवा 3,702 चौरस किलोमीटर आहे. दोन गोवे शेजारी शेजारी ठेवले तरी हजारभर चौरस किलोमीटर शिल्लक राहतात. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प बफर धरून 1,727 च्या आसपास. आणि माळढोकाच्या रेघेत काय काय होतं, तर सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. तालुक्याचा एखादा कोपरा नव्हे हो, जवळजवळ तालुकेच्या तालुके. त्यात बाजारपेठा आल्या, दवाखाने आले, आठवडी बाजार आले, आमच्या मामाची विहीर आली.

एवढं मोठं का केलं असेल? करणारे काही वेडे नव्हते. पक्षीच तसा आहे. माळढोक म्हणजे उभा राहिला तर साधारण मीटरभर उंच, नर 15 किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. राजस्थानात गोडावण म्हणतात, कच्छमध्ये घोराड. याला दाट जंगल नको, झाड नको, पाणथळ नको. याला पाहिजे उघडा माळ. कुसळी गवत, मधे मधे कोरडवाहू शेती, ज्वारी, बाजरी, भुईमूग, लांबवर नजर जाईल अशी जमीन. नर फुगून मान ताठ करून आवाज काढतो तेव्हा तो मादीला लांबून दिसला पाहिजे, म्हणून मधे झाडं नकोत. मादी घरटं वगैरे बांधत नाही, उघड्या जमिनीवर एक अंडं घालते, बहुतेक वेळा एकच, आणि साधारण 27 दिवस त्यावर बसते. त्या 27 दिवसांत कुत्रं आलं, मेंढरं आली, कावळ्यानं बघितलं, कुणी ट्रॅक्टर घातला की वर्षाची मेहनत गेली. त्यात हा पक्षी एका जागी राहत नाही, पाऊस कुठं पडला, टोळ-किडे कुठं झाले त्याप्रमाणे मैलोन् मैल फिरतो. मग सरकारी विचार असा झाला असणार की हा फिरतोय कुठं कुठं, चला, जिथं जिथं फिरतो ते सगळंच अभयारण्य करून टाकू.

(मधेच एक सांगतो. राष्ट्रीय पक्षी ठरवताना सालिम अली माळढोकासाठी आग्रही होते. 1963 मध्ये मान मोराला मिळाला. याच्या इंग्रजी नावात (ग्रेट इंडियन बस्टर्ड) एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर शिवी होते म्हणून हा मागं पडला असं सांगतात. खरंखोटं देव जाणे पण गोष्ट भारी आहे.)

आता कायद्याकडं येऊ. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. बाकी बरंचसं यातून निघतं (इको सेन्सिटिव्ह झोन मात्र 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातून). राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्रप्रकल्प, इको सेन्सिटिव्ह झोन हे शब्द पेपरात एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरतात पण ते वेगवेगळे आहेत. मी देवळाचं उदाहरण देऊन समजावतो. राष्ट्रीय उद्यान म्हणजे गाभारा. तिथं कुणाचा हक्क नाही, चराई नाही, शेती नाही, खाजगी मालकी नाही. अभयारण्य म्हणजे सभामंडप, आत येता येतं, बसता येतं, पण चप्पल बाहेर आणि नियम पाळून, आणि काही लोकांचे जुने हक्क तिथं चालू ठेवता येतात. इको सेन्सिटिव्ह झोन म्हणजे देवळाबाहेरची गल्ली, तिथं दुकानं चालतील पण दारूचं नाही, म्हणजे शेती-घरं चालतील, खाणी आणि प्रदूषण करणारे कारखाने नाही. आणि व्याघ्रप्रकल्प हा वेगळाच पदर, 2006 च्या दुरुस्तीनं कायद्यात आला, त्यात कोअर म्हणजे आतला गाभा आणि बफर म्हणजे भोवतीचा पट्टा असतो आणि तो आधीच्या उद्यान-अभयारण्यांच्या वरून पांघरलेला असतो.

अभयारण्य तयार कसं होतं? आत्ताच्या कायद्याप्रमाणे राज्य सरकार आधी कलम 18 खाली फक्त 'इरादा' जाहीर करतं, की बाबा इथं अभयारण्य करायचं मनात आहे. मग कलेक्टरनं स्थानिक भाषेत जाहीरनामा काढायचा, कुणाची जमीन, कुणाची चराई, कुणाची वाट, कुणाची विहीर, सगळ्यांचे दावे ऐकायचे आणि ठरवायचं. तीन रस्ते असतात त्याच्याकडं, ती जमीन रेघेबाहेर काढायची, नाहीतर पैसे देऊन संपादित करायची, नाहीतर मुख्य वन्यजीव रक्षकाशी बोलून तो हक्क आत चालू ठेवायचा. दोन वर्षांत हे संपवावं असंही कायद्यात आहे. हे सगळं झालं की कलम 26अ खाली शेवटची अधिसूचना. हा झाला कागदावरचा क्रम, आणि खरं सांगायचं तर क्रम चांगला आहे.

पण हा क्रम 1991 च्या दुरुस्तीनंतरचा आहे. त्याआधी कलम 18 खाली सरकार थेट अभयारण्य जाहीर करू शकत होतं, हक्कांचं बघू नंतर. आणि आपलं माळढोकाचं अभयारण्य 1979 चं. आता समजलं ना मामाची विहीर आत कशी गेली? कुणी विचारायला आलंच नाही, कारण विचारणं आधी बंधनकारकच नव्हतं.

आणि यातलं सगळ्यात चावणारं कलम आहे 20, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. एकदा कलम 18 ची अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर नवा हक्क कुणाला मिळवता येत नाही, वारसाहक्क सोडून. म्हणजे बाप मेला तर पोराच्या नावावर होईल पण बाप जिवंत असताना शेजाऱ्याला विकायची म्हटली की अडचण. ही कल्पना मुळात बरोबर आहे, नाहीतर अभयारण्य होणार कळल्यावर दलाल येऊन जमिनी घेऊन ठेवतील आणि भरपाई हाणतील. पण ती मधल्या थोड्या काळासाठी आहे, कलेक्टर दावे निकाली काढेपर्यंत. इथं दावे निकाली निघायला दशकं गेली. प्रत्यक्षात कुठं व्यवहार झाले, कुठं अडकले, कोण ऑफिसर बसलाय त्यावर होतं सगळं. एनए म्हणजे बिनशेती परवानगी अडकली, उद्योगाच्या परवानग्या अडकल्या, रस्ता रुंद करायचा तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळापर्यंत फाईल, ज्याचे अध्यक्ष स्वतः पंतप्रधान असतात. करमाळ्याच्या डांबरासाठी दिल्ली.

बरं एवढं करून पक्षी तरी वाचला का. इथं मला खरा राग येतो.

सोलापूरचे बी. एस. कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकात नान्नजच्या माळढोकांकडं लक्ष वेधलं, पाठपुरावा केला. नान्नज, मार्डी, गंगेवाडी या भागात वनखात्यानं अवर्षणप्रवण क्षेत्राच्या कार्यक्रमात काही प्लॉट चराईला बंद करून ठेवले होते, तिथं गवत वाढलं आणि पक्षी तिथं यायला लागले, अंडी घालायला लागले. म्हणजे पक्ष्याला हवी असलेली खरी जागा होती या छोट्या छोट्या गवताच्या प्लॉटांची, आणि त्यांच्या भोवतीच्या कोरडवाहू शेतीची. नुसतं गवत पण पुरत नाही त्याला, भुईमूग, ज्वारीच्या रानात तो टोळ-किडे टिपत फिरायचा. शेतकरी आणि पक्षी एकाच जमिनीवर, वर्षानुवर्षं.

मग उजनी आली. धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, कालवे आले, पाणी आलं, आणि पाण्यामागून काय येतं ते सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. ऊस. जिथं ज्वारी-करडई होती तिथं उसाचे फड उभे राहिले, जिथं पाटाचं पाणी नाही तिथं बोअर मारले, द्राक्षं आली, डाळिंबं आली. मी याला वाईट म्हणत नाही, आमच्या घरातले पण उसावरच शिकले. पण माळढोकाला उसाच्या फडात काय दिसणार? डोक्याच्या वर पीक. आणि गंमत बघा, शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात कुठलं पीक घ्यायचं याला अभयारण्याची ही रेघ प्रत्यक्षात कधी आडवी आली नाही, धरण, कालवा, ऊस, कारखाना हे सगळं रेघेच्या आतच वाढत गेलं. म्हणजे मामाला 20 गुंठे विकायला अभयारण्य आडवं आलं, आणि सबंध पट्ट्याचा माळ पुसला जात होता तेव्हा ते कुठंच नव्हतं. जे थांबायला पाहिजे होतं ते थांबलं नाही, आणि जे थांबलं त्याचा पक्ष्याशी काही संबंध नव्हता.

लोकांच्या मनात त्या पक्ष्याबद्दल काय तयार झालं असेल विचार करा. ज्या पक्ष्याला आजोबा-पणजोबांनी हाकललं नाही तो आता जमिनीचा भाव पाडणारा झाला. 'तुमच्या त्या कोंबडीपायी आमचं वाटोळं झालं' हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत.

मग रेघ लहान करा ना? करता येते पण सोपं नाही, आणि नसावंच. अभयारण्याची हद्द बदलायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते, आणि वर 13 नोव्हेंबर 2000 ला सुप्रीम कोर्टानं हुकूम काढला की आमच्या परवानगीशिवाय कुठलंही अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान वगळायचं नाही. हे असं का, तर नाहीतर प्रत्येक खाणवाला आणि रिसॉर्टवाला रेघ सरकवून घेईल. त्यामुळं समित्या झाल्या, अहवाल झाले, कोर्टाच्या पायऱ्या झाल्या आणि 2012 मध्ये 8,496 चं झालं सुमारे 1,222 चौरस किलोमीटर. तेहतीस वर्षं लागली. या तेहतीस वर्षांत माळढोक मात्र कमी कमी होत गेले, आणि गेल्या काही वर्षांत नान्नजला दिसला तर एखादा. टॉवरवर चढून लोक दुर्बिणी लावून बसतात, काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा दिसतो.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं समजू नका. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात करेरा नावाचं असंच एक अभयारण्य 1981 मध्ये केलं होतं, सुमारे 200 चौरस किलोमीटर, त्यातही भरपूर खाजगी जमीन. सुरुवातीला पक्षी वाढले. मग तेच, विक्री अडली, लोक चिडले, वर काळवीट वाढून पिकात घुसायला लागले, आणि नव्वदच्या दशकात तिथला माळढोक संपला. पक्षी संपल्यावरही अभयारण्य मात्र कितीतरी वर्षं चालूच, शेवटी आत्ता कुठं त्याचा दर्जा काढला. म्हणजे पाखरू गेलं, पिंजरा राहिला, आणि पिंजऱ्यात माणसं.

उलट टोक पण आहे. कच्छमध्ये लाला नावाचं माळढोक अभयारण्य आहे, 2 चौरस किलोमीटरचं! दोन. एवढा फिरस्ता पक्षी आणि त्याला दोन चौरस किलोमीटर, हे म्हणजे मेंढरांच्या कळपाला अंगणात चारण्यासारखं. आणि आपल्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे, 2.17 चौरस किलोमीटर, ते मात्र बऱ्यापैकी चाललं, काळवीट टिकले, वाढले, इतके की बाहेरच्या शेतात जातात. एकाच तालुक्यात एक जवळपास साडेआठ हजारचं अभयारण्य आणि एक सव्वादोनचं. म्हणून कुणी नेता भाषणात सांगायला लागला की आम्ही संरक्षित क्षेत्र इतके टक्के वाढवलं, तर मी आधी विचारतो कुठलं, कुणाच्या जमिनीवर, आणि आत काय चाललंय.

आता जरा माळाबद्दल, कारण मला वाटतं सगळ्या गोंधळाचं मूळ इथं आहे. आपल्या डोक्यात निसर्ग म्हणजे झाडी. पुस्तकात जंगल, चित्रात जंगल, मंत्र्याच्या हातात रोप. गवताळ माळ म्हटलं की 'काही नाही तिथं, नुसतं पडीक आहे'. हा पडीकचा शिक्का इंग्रजांच्या महसूल खात्यानं आपल्या गळ्यात घातलाय, ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वाया गेलेली. पुढं स्वतंत्र भारतानं तोच चष्मा लावून देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे छापले आणि त्यात झुडपी रानं, कुरणं, खडकाळ माळ सगळं येऊन बसलं. एकदा पडीक म्हटलं की मग कुठलाही प्रकल्प पहिल्यांदा तिकडंच बघतो. एमआयडीसी? माळावर. सोलर? माळावर. कचरा डेपो? माळावर. आणि कुठं जंगल तुटलं त्याबदल्यात झाडं लावायची आहेत? ती पण माळावरच! 2019 मध्ये राज्यात 33 कोटी झाडांचं टार्गेट होतं, आमच्याकडच्या माळांवर पण खड्डे पडले. त्याच्या आधी ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ झालंच होतं. झाड लावणं वाईट असं म्हणालो की लोक वेड्यात काढतात, पण माळावर झाड लावणं म्हणजे तळ्यात माती भरून बाग करण्यासारखं आहे. झाडावर शिकारी पक्षी बसतात, झुडपाआड कुत्री लपतात, आणि माळढोक, धाविक, चंडोल, खोकड, चिंकारा, लांडगा ज्याच्या त्याच्या जागेवरून हलतात.

लांडग्यावरून धनगर आठवले. माळाचं धोरण ठरवताना ज्यांना पहिल्यांदा विचारायला पाहिजे ते हे लोक, कारण माळ चरून, फिरून, वेळेवर सोडून देऊन त्यांनीच राखला. लांडगा वर्षाला चार-दोन मेंढरं नेतो तर 'त्याचा वाटा' म्हणणारे म्हातारे मी बघितलेत. 2006 च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांचे चराईचे हक्क स्पष्ट लिहिलेत. पण आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, त्या वनजमिनीवर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचं घरच घोड्याच्या पाठीवर, त्यानं 75 वर्षांचा कागद कुठून आणायचा?

मग करायचं काय, कायद्यात दुसरं काही आहे का? आहे. 2002 च्या दुरुस्तीनं दोन नवीन प्रकार आले, संवर्धन राखीव आणि समुदाय राखीव. पहिला सरकारी जमिनीसाठी, त्यात गावकऱ्यांशी बोलून घ्यावं लागतं, लोकांचे हक्क जात नाहीत आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीची माणसं असतात. नाशिकजवळचं बोरगड, सिंधुदुर्गातलं तिळारी ही आपल्याकडची उदाहरणं. दुसरा, समुदाय राखीव, खाजगी किंवा गावाच्या जमिनीसाठी, आणि तो मालक स्वतःहून पुढं आले तरच होतो. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात कोक्करे बेल्लूर गाव आहे, तिथं गावातल्या चिंचेच्या झाडांवर पिढ्यान् पिढ्या झोळीवाले आणि चित्रबलाक घरटी करतात, गावकरी त्यांना लेकीबाळीसारखं मानतात, झाडाच्या मालकाला चिंचेच्या नुकसानीचे पैसे मिळतात. 2007 मध्ये ते समुदाय राखीव झालं. तिथं सरकारनं नवीन काही आणलं नाही, जे होतं त्याला शिक्का दिला. माढा-मोहोळकडं 1979 मध्ये हे शक्य नव्हतं कारण हा प्रकारच कायद्यात नव्हता. आज आहे. कोरडवाहू पीक धरून ठेवणाऱ्याला, पावसाळ्यात चार महिने एक तुकडा मोकळा सोडणाऱ्याला एकरी पैसे द्या, ऊस नको म्हणून सांगायची गरजच पडणार नाही. माझं मत आहे हे, यावर भांडायला वाव आहे, पण निदान कलम 20 पेक्षा तरी बरं.

राजस्थानचं सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही कारण आता जे काही माळढोक उरलेत ते मुख्यतः जैसलमेरकडं. जगात सगळे मिळून दीडशेच्या आत-बाहेर. तिथं शत्रू वेगळा आहे, विजेच्या तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला, समोरचं त्याला नीट दिसत नाही, उडताना मान खाली घालून जमीन बघत जातो, वजन जास्त त्यामुळं ऐनवेळी वळता येत नाही, आणि तारेवर जाऊन आदळतो. थरच्या वाळवंटात असे वर्षाला 18 पक्षी मरत असावेत असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. दीडशेतले 18! आणि त्या तारा कशाच्या, तर पवनचक्क्या आणि सोलरच्या, म्हणजे पर्यावरण वाचवायला उभारलेल्या. एम. के. रणजितसिंह कोर्टात गेले, हेच गृहस्थ 1972 च्या कायद्याचा मसुदा करणाऱ्यांपैकी, आणि एप्रिल 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घाला, जिथं ते जमत नाही तिथं पक्ष्यांना दिसतील असे डायव्हर्टर लावा असं सांगितलं. ते क्षेत्र किती, सुमारे 99,000 चौरस किलोमीटर. सरकार म्हणालं एवढ्या भागात उच्च दाबाच्या तारा पुरणं होणारच नाही. मार्च 2024 मध्ये कोर्टानं सरसकट बंदी मागं घेतली आणि तज्ज्ञांची समिती नेमली, की नेमकं कुठं आणि किती ते ठरवा.

वाचताना मला सारखं वाटत होतं हे मी कुठंतरी बघितलंय. मोठ्ठं वर्तुळ काढायचं, ते पाळणं शक्य नाही म्हणून कुणीच पाळायचं नाही, मग काही वर्षांनी ते लहान करायचं, आणि मधल्या काळात पक्षी कमी. अर्थात जैसलमेरचं एक वेगळं आहे, तिथं 2019 पासून रानातली अंडी आणून कृत्रिम उबवणी चालू आहे, 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू पण झालं, आता तिथल्या केंद्रांत 60 च्या वर पक्षी आहेत. हे खरंच मोठं काम आहे. पण उद्या ते पक्षी सोडायचे म्हटले तर कुठं सोडणार? माळ लागेल ना.

आमच्या मामाचं काय झालं विचाराल. ती 20 गुंठे तेव्हा गेली नाहीत, लग्न सावकाराच्या पैशावर झालं, आणि 2012 नंतर गाव रेघेबाहेर पडलं तेव्हा जमीन तिप्पट भावानं गेली, आता तिथं धाबा आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला म्हणालो मामा, ज्याच्यापायी एवढं झालं तो पक्षी बघितलास तरी का कधी. मला वाटलं शिवी हासडेल.

तर म्हणाला, बघितला की. नव्वद-एक्क्याण्णवला असेल, श्रावणात, खालच्या भुईमुगाच्या रानात मादी बसली होती अंड्यावर. कोळपायला गेलो तर बैलांनी आधी बघितली, बिचकले. मग तेवढा तुकडा कोळपलाच नाही महिनाभर, बायकांना पण सांगितलं तिकडं खुरपायला जाऊ नका म्हणून. पिल्लू निघालं, दोघं गेली निघून माळाकडं.

मी म्हटलं, अरे मग फॉरेस्टवाल्यांना सांगायचं नाहीस का?

'येडा का काय तू,' मामा म्हणाला, 'त्यांना कळलं असतं तर उरलेलं रान पण गेलं असतं.'